मुन्सफ कचेरीपासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत

उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशास ६२ व्या वर्षी आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशास ६५ व्या वर्षी निवृत्त व्हावे लागते. घटनेतील या तीन वर्षांच्या अंतरामुळेच न्यायमूर्ती एम. फातिमा बीवी यांची नेमणूक होऊ शकली. केरळ उच्च न्यायालयातून त्या २९ एप्रिल १९८९ रोजी निवृत्त झाल्या आणि त्याच वर्षी ६ ऑक्टोबर रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश म्हणून त्यांनी पद स्वीकारले. न्यायालय स्थापन होऊन तेव्हा ३९ वर्षे उलटली होती, आणि बाईंच्या वाट्याला उरली होती जेमतेम अडीच वर्षे! या गोष्टीचा अभिमान बाळगावा की खंत, हे मला आजही ठरविता आलेले नाही.

त्यांचा जन्म १९२७ साली त्रावणकोर संस्थानातील पत्तनमतिट्टा या गावी झाला. त्यांनी रसायनशास्त्राची पदवी घेतली. पुढे कायद्याकडे वळविले ते वडिलांनी. त्यांच्या डोळ्यांसमोर अॅना चंडी यांचे उदाहरण होते. चंडीबाई १९३७ साली त्याच संस्थानात मुन्सफ झाल्या होत्या आणि पुढे १९५९ साली केरळ उच्च न्यायालयात पोहोचल्या. एका मुस्लिम कुटुंबातील पित्याने त्या काळी आपल्या कन्येसाठी हा मार्ग निवडावा, ही गोष्ट लहान नव्हे.

१९५० च्या नोव्हेंबरात त्यांनी सनद घेतली. १९५८ साली त्या मुन्सफ झाल्या. बेळगावच्या न्यायालयात ज्यांचा वावर होता, त्यांना मुन्सफ या शब्दाची ओळख करून द्यावयास नको. हद्दीचे बांध, थकलेले भाडे, भाऊबंदकी यांचे दावे तेथेच प्रथम येतात. तेथून १९६८ साली सबजज्ज, १९७२ साली मुख्य न्यायदंडाधिकारी, १९७४ साली जिल्हा व सत्र न्यायाधीश, १९८० साली आयकर अपील न्यायाधिकरणाच्या सदस्य, आणि १९८३ साली उच्च न्यायालय, असा त्यांचा क्रम आहे. मुन्सफ कचेरीतून उच्च न्यायालयात जावयास पंचवीस वर्षे लागली. नामांकित बॅरिस्टर एका उडीत जे अंतर तोडतो, ते त्यांनी पायरीपायरीने चढून पार केले. साक्षीदाराचा चेहरा पाहून त्याची जबानी तोलण्याचा सराव ज्या न्यायाधीशास आहे, त्याची दृष्टी काही निराळीच असते, असे माझे मत आहे.

सर्वोच्च न्यायालयातील १९९१ सालचे एक प्रकरण आपल्या कर्नाटकातलेच आहे. झोपडपट्टी सुधारण्यासाठी जाहीर झालेल्या क्षेत्रातून काही भाग सरकारने पुढे वगळला, आणि तो रहिवाशांना न विचारता. फातिमा बीवी ज्या पीठावर होत्या, त्या पीठाने ठरविले, की ज्यांना एकदा आशा दाखविली त्यांचे म्हणणे ऐकल्यावाचून ती काढून घेता येणार नाही.

१९९२ साली त्या निवृत्त झाल्या आणि १९९७ साली तमिळनाडूच्या राज्यपाल झाल्या. येथे मात्र त्यांच्या चरित्राचा कठीण भाग येतो आणि तो वगळणे मला प्रशस्त वाटत नाही. मे २००१ मध्ये बहुमताच्या पक्षाने जयललिता यांना नेता निवडले. न्यायालयीन शिक्षेमुळे त्यांची उमेदवारी नामंजूर झालेली होती, त्या आमदारही नव्हत्या. तरी राज्यपालांनी त्यांना मुख्यमंत्रिपदाची शपथ दिली. जनतेचा कौल स्पष्ट होता, हा त्यामागील विचार. त्यावरून मोठे वादळ उठले, केंद्राने त्यांना परत बोलावण्याची शिफारस केली आणि जुलैत त्यांनी राजीनामा दिला. २१ सप्टेंबर २००१ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ती नेमणूक रद्दबातल केली. जनतेचा कौलही घटनेच्या चौकटीतच मानावयाचा असतो, असे पीठाने म्हटले. मला हा निर्णय योग्य वाटतो. इतकी वर्षे कायदा राबविलेल्या व्यक्तीने ही चौकट कशी दृष्टीआड केली, याचे कोडे मला उलगडलेले नाही.

त्या पीठावर न्यायमूर्ती रुमा पाल होत्या. फातिमा बीवी आणि सुजाता मनोहर यांच्यानंतर सर्वोच्च न्यायालयात आलेल्या त्या तिसऱ्या महिला. फातिमा बीवींचे निधन २३ नोव्हेंबर २०२३ रोजी झाले. पद्मभूषण त्यांना पुढील वर्षी, मरणोत्तर मिळाले.