मिरजेच्या दप्तरापासून संगणकाच्या दप्तरापर्यंत

कृष्णाकांठच्या माणसाला पाण्याचें भय शिकवावें लागत नाहीं. सांगलीस आयर्विन पुलापाशीं नदीची धोक्याची पातळी ४५ फूट मानलेली आहे. २०१९ च्या ऑगस्टांत पाणी ५७ फुटांवर गेलें आणि बाजारपेठ, घरें, ग्रंथालयें हीं सारीं त्यांत सांपडलीं. २००५ सालींहि असाच महापूर येऊन गेला होता. वाहून गेलेलें धान्य पुन्हां पिकवितां येतें. लगदा झालेली एकुलती एक सनद पुन्हां लिहितां येत नाहीं. म्हणूनच संस्था आणि जुनीं घराणीं आपले कागद स्कॅन करून संगणकांत ठेवूं पाहतात, आणि लगेच प्रश्न उभा राहतो: त्यासाठीं सॉफ्टवेअर कोणतें निवडावें?

प्रश्न दिसावयास नवा. परंतु त्याचें मर्म मिरजेंत पूर्वींच उलगडलेलें आहे. तेथील हायस्कुलांत संस्कृत शिकविणारे वासुदेवशास्त्री खरे (१८५८–१९२४) यांनीं पटवर्धन सरदारांचें दप्तर हातीं घेतलें, त्यांतील मोडी पत्रें वाचून त्यांच्या बाळबोध नकला केल्या, आणि १८९७ सालापासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नांवानें तीं पत्रें छापण्यास आरंभ केला. हें काम त्यांच्या हयातींत पुरें झालें नाहीं. तरीहि पानिपतानंतरच्या मराठशाहीचा, विशेषतः हैदर व टिपू यांच्यावरील मोहिमांचा, इतिहास लिहिणारास हे खंड टाळतां येत नाहींत.

शास्त्रीबोवांच्या उद्योगाचे तीन भाग पडतात: मूळ जसेंच्या तसें उतरणें, अक्षर लावणें, आणि पत्राचा काळ व प्रसंग ठरवून तें योग्य जागीं बसविणें. संगणकालाहि हींच तीन कामें करावीं लागतात. आणि एकांत निपुण असलेली प्रणाली दुसऱ्यांत निपुण असेलच असें नाहीं. म्हणून तिन्हींची परीक्षा निरनिराळी घ्यावी हें बरें.

पहिलें काम प्रतिमेचें. २०१३ सालीं डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञानें दाखवून दिलें कीं, कांहीं यंत्रांवर स्कॅन केलेल्या इमारतीच्या नकाशांत आंकडेच बदलत होते. इतर कागदांत ६ च्या जागीं ८ उमटत होता. जागा वांचविण्यासाठीं तें यंत्र सारखीं दिसणारीं चिन्हें एकदांच सांठवी आणि एकाच्या जागीं दुसरें बसवी. कारकुनाची चूक निदान खाडाखोडीवरून ओळखतां येते. ही चूक स्वच्छ, सुबक आणि म्हणूनच अधिक घातक. मूळ प्रतिमा तिळभरहि न घटवितां जी प्रणाली ठेवते, तीच दप्तराच्या उपयोगाची.

दुसरें काम वाचनाचें. टेसरॅक्ट नांवाची प्रणाली २००५ सालीं सर्वांना खुली झाली. स्वच्छ छापलेला मराठी मजकूर ती बऱ्यापैकीं वाचते. मोडीची गोष्ट वेगळी. तेथें लेखणी शक्य तों न उचलतां ओळ चालते, शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळलेला नसतो. २०१४ सालीं मोडीला युनिकोडांत स्थान मिळालें. परंतु अक्षराला क्रमांक मिळणें निराळें आणि तें एखाद्या कारकुनाच्या हस्ताक्षरांतून ओळखतां येणें निराळें. यासाठीं यंत्रानें केलेलें वाचन मूळ प्रतिमेच्या शेजारीं, पण तिच्यापासून वेगळें राहावें, आणि जाणकाराला तें केव्हांहि दुरुस्त करतां यावें.

तिसरें काम सर्वांत अवघड. पेशवाईंतील कागदावर ‘इहिदे सबैन मया व अलफ’ असें अरबी शब्दांत वर्ष आढळतें. म्हणजे १, ७०, १०० आणि १०००. मिळून सुहूर सन ११७१. मृगापासून मृगापर्यंत चालणाऱ्या या सनांत ५९९ किंवा ६०० मिळविले कीं इसवी सन १७७०–७१ येतो. पुष्कळ खाजगी पत्रांत तर नुसता चंद्र आणि महिना असतो, वर्षच नसतें. ‘१७७०’ हा आंकडा शोधणाऱ्या यंत्राला असें पत्र सांपडावें कसें? अशा ठिकाणीं मजकुरांतील माणसें, मुक्काम आणि मोहिमा ताडून वर्ष ठरवावें लागतें. तें ठरविलेलें वर्ष, कशावरून ठरविलें त्याचें टिपण, आणि मुळांतील मिती, या तिहींना ज्या प्रणालींत स्वतंत्र जागा नाहीं, ती कागदांचा ढीग रचते. दप्तर लावीत नाहीं.

शेवटची कसोटी प्रणाली सोडून जाण्याची. छापखाना बंद पडला तरी त्यांत छापलेलें पुस्तक वाचतां येतें. खरेशास्त्र्यांचे खंड आजहि वाचतां येतात तें यामुळेंच. त्याचप्रमाणें प्रणाली विकणारी कंपनी उद्यां उठून गेली तरी प्रतिमा, वाचन आणि टिपणें हीं सारीं खुल्या स्वरूपांत बाहेर काढतां आलीं पाहिजेत. शिवाय छापील प्रती निरनिराळ्या गांवीं जाऊन पडतात. एका गांवचा पूर त्या सर्वांना गांठूं शकत नाहीं. मूळ कागद आणि त्यांची संगणकांतील प्रत एकाच कपाटांत राहिली, तर दोहोंचें भवितव्यहि एकच.

आणि प्रत कितीहि उत्तम साधली तरी मूळ कागद टाकून द्यावयाचा नसतो. उद्यां कोणी अधिक चांगला वाचणारा येईल. त्याला तो लागेल.