सुई, टीप आणि ग्रंथसूची

संस्कृतात ‘सूची’ म्हणजे सुई. आपली मराठी सुई तिच्याच पोटची. शिंपी यंत्रावर मारतो ती टीप, आणि पानाच्या तळाशी अभ्यासक लिहितो तीही टीपच. ‘ग्रंथ’ हा शब्द गुंफणे, बांधणे या अर्थाच्या धातूवरून आलेला. संशोधन प्रकल्पासाठी मागितली जाणारी ‘सटीप ग्रंथसूची’ विद्यार्थ्याला परकी वाटते, पण तिचे सगळे शब्द घरच्या शिवणकामातले आहेत. नुसती पुस्तकांची यादी म्हणजे सुटे कापड. प्रत्येक नोंदीखाली चार-पाच वाक्यांची टीप पडली की ते कापड विषयाला जोडले जाते.

खानदेशात या कामाचे धागे फार मागे जातात. चाळीसगावजवळच्या पाटणे येथे इ.स. १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ स्थापन केला, त्याची ही नोंद. त्यात केवळ दानाचा तपशील नाही. त्रिविक्रमापासून चांगदेवापर्यंत या विद्वान घराण्याच्या पिढ्या सांगितल्या आहेत. ग्रंथ पुढे न्यायचा तर त्याचा कर्ता कोण, कोणत्या परंपरेतला, हे सोबत न्यावे लागते, ही जाण त्या दगडावर दिसते. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख अभ्यासकांपुढे आणला.

त्याच शतकात पोथ्यांच्या याद्या छापून येऊ लागल्या. जर्मन पंडित गेओर्ग ब्यूलर यांनी गुजरात, काठेवाड, कच्छ, सिंध आणि खानदेश इथल्या खासगी संग्रहांतील संस्कृत हस्तलिखितांची सूची १८७१ ते १८७३ या काळात प्रसिद्ध केली. घरोघरी रुमालात बांधून ठेवलेल्या पोथ्या अशा प्रथमच एका जागी नोंदल्या गेल्या. मराठी छापील पुस्तकांचा आढावा त्याआधीच सुरू झाला होता. १८६४ अखेरपर्यंतच्या पुस्तकांवर महादेव गोविंद रानडे यांनी टिपण लिहिले, आणि मोजणीवर न थांबता मराठी वाङ्मयाची वाढ कशी झाली याचे मूल्यमापन केले. सूचीला स्वतःचे मत असावे, हा पायंडा तिथे दिसतो.

या कुळकथेतले सर्वांत भरीव प्रकरण धुळ्याचे. वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये काढला, पुढे खंडांची संख्या बावीसवर गेली. या खंडांत छापलेल्या जुन्या पत्रावर अनेकदा तिथी असते, वर्ष नसते. ते मजकुरावरून ठरवायचे, लिहिणारा कोण ते ओळखायचे, आणि मग पत्र पुराव्यात घ्यायचे. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच वारले. त्यांच्या नावाने तिथे उभे राहिलेले संशोधन मंडळ त्यांचा संग्रह सांभाळत आले. त्याच गावात शंकर श्रीकृष्ण देव यांनी सत्कार्योत्तेजक सभेच्या कामातून रामदासी मठांमधली हस्तलिखितांची बाडे गोळा केली. समर्थ वाग्देवता मंदिर हे त्या बाडांचे घर.

बाडाची नोंद करणारा माणूस काय करतो, ते जवळून पाहण्यासारखे आहे. तो रुमाल सोडतो, पाने मोजतो, एका पानावर किती ओळी आणि एका ओळीत साधारण किती अक्षरे ते लिहितो. आरंभ उतरवतो, शेवट उतरवतो. शेवटी नक्कलकाराने शके, गाव आणि स्वतःचे नाव दिले असेल तर ते टिपतो. कोणते पान गहाळ, कुठे कसर लागली, तेही सांगतो. हाती न घेतलेल्या पोथीवर अशी नोंद होऊच शकत नाही.

हीच शिस्त शंकर गणेश दाते यांनी छापील पुस्तकांना लावली. १८०० ते १९३७ आणि १९३८ ते १९५० अशा दोन भागांतली त्यांची ‘मराठी ग्रंथसूची’ आजही संशोधकाचे पहिले दार आहे.

आता प्रकल्पाकडे येऊ. समजा, विषय आहे जळगावची कापूस बाजारपेठ, आणि समोर आहे १८८० चे खानदेश गॅझेटियर. नोंदीत ग्रंथाचे नाव, खंड, प्रकाशनस्थळ आणि वर्ष आले. खाली टीप अशी हवी: ‘मुंबई सरकारने तयार करवून घेतलेला जिल्ह्याचा आढावा. शेती आणि व्यापाराची प्रकरणे या विषयाला थेट उपयोगी. माहिती महसुली यंत्रणेची असल्याने शेतकऱ्याची बाजू इतर साधनांतून शोधावी लागेल. त्या वेळी खानदेश हा एकच जिल्हा होता. पूर्व आणि पश्चिम अशी विभागणी १९०६ ची. म्हणून यातले जिल्ह्याचे आकडे आजच्या जळगाव जिल्ह्याचे म्हणून वापरता येत नाहीत.’ ग्रंथात काय आहे, त्यावर किती विसंबावे आणि आपल्या प्रश्नाला तो कुठे लागतो, या तिन्ही गोष्टी त्यात आल्या. शेवटचे वाक्य तर चुकीच्या तुलनेपासून पुढच्या अभ्यासकालाही वाचवते. मलपृष्ठावरचा मजकूर उतरवून अशी टीप तयार होत नाही.

जळगावच्या विद्यापीठात प्रबंधाची तयारी करणाऱ्यांना धुळे काही दूर नाही. सूची सादर करण्याआधी एक दिवस काढून तिथे जावे, एखादे बाड परवानगीने उघडून पाहावे आणि आपल्या हाताने त्याची एक नोंद लिहून पाहावी.