श्वान-नियंत्रण, मुंबईतील

शहरातील पाळीव कुत्र्यांची नोंदणी, त्यांवरील कर व परवाना आणि मोकाट कुत्र्यांची धरपकड, नाश, निर्बीजीकरण व लसीकरण यांविषयी मुंबईत शासन, पोलीस व महानगरपालिका यांनी वेळोवेळी केलेले नियम व त्यांची अंमलबजावणी यांचा या विषयात समावेश होतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासूनचा हा इतिहास आहे. नियम करणाऱ्यांनी कुत्र्यांचे प्रारंभापासून दोनच वर्ग मानले : मालकाचा कुत्रा आणि बेवारशी कुत्रा. पहिल्याने कर भरावा व गळ्यात बिल्ला बाळगावा, दुसऱ्याने मरावे, अशी ही साधी विभागणी होती. मुंबईच्या गल्ल्यांत, वाड्यांत व चाळींत मात्र या दोहोंत न बसणारा तिसरा कुत्रा नेहमीच राहत आला आहे. त्याला मालक नसतो. परंतु चार घरांतून त्याला भाकरीचा तुकडा मिळतो, मुलांनी ठेवलेले नाव असते आणि रात्री अनोळखी माणसावर तो भुंकतो. या तिसऱ्या कुत्र्याला कायद्यात जागा नव्हती व श्वान-नियंत्रणाचे बहुतेक वाद त्याच्यावरूनच उद्‌भवलेले आहेत.

पार्श्वभूमी : कुत्र्याला घास घालणे हा येथील अनेक समाजांच्या नित्याच्या आचाराचा भाग आहे. वैश्वदेवानंतरच्या बलिहरणात गाय व कावळा यांच्याबरोबर कुत्र्याचाही भाग काढून ठेवतात. खंडोबाच्या उपासनेत कुत्र्याला मानाचे स्थान असून दत्तात्रेयाच्या चित्रांत त्याच्या पायाशी चार कुत्री दाखविलेली असतात. जैनांच्या दृष्टीने कोणत्याही जीवाची हत्या निषिद्धच होय. पारशी धर्मात कुत्र्याचे महत्त्व याहूनही अधिक आहे. वेंदिदादाच्या तेराव्या प्रकरणात कुत्र्याला इजा करणाऱ्यास सांगितलेल्या शिक्षा विस्ताराने येतात. मृतदेहावर कुत्र्याची दृष्टी पाडण्याचा ‘सगदीद’ हा विधी पारशी अंत्यसंस्काराचे एक अंग आहे. डोळ्यांवर दोन ठिपके असलेला ‘चार डोळ्यांचा’ कुत्रा त्यासाठी विशेष योग्य मानतात. यांपैकी कोणताही आचार कुत्र्याची मालकी विचारीत नाही, ही गोष्ट पुढील घटना समजण्यास उपयोगी आहे.

ब्रिटिश अधिकाऱ्यांना मात्र हाच कुत्रा उपद्रवी व धोकादायक वाटला. त्यांची भीती निराधार नव्हती. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याने होणाऱ्या रोगावर त्या काळी कोणताही उपाय नव्हता [⟶ अलर्क रोग]. पाश्चरने माणसावर या लशीचा पहिला प्रयोग १८८५ मध्ये केला आणि भारतातील पहिली पाश्चर संस्था कसौली येथे १९०० मध्ये स्थापन झाली. तत्पूर्वी उन्हाच्या तडाख्याने कुत्री पिसाळतात, अशी यूरोपात सार्वत्रिक समजूत होती व मुंबईचा पहिला नियम या समजुतीवरच आधारलेला होता. १८१३ च्या पोलीस विनियमानुसार १५ एप्रिल ते १५ मे आणि १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या मुदतींत मोकाट कुत्री ठार मारण्यास परवानगी देण्यात आली. वर्षाचे उरलेले दहा महिने त्यांना अभय होते. रोगाचा ऋतूशी असा संबंध नाही, हे पुढे सिद्ध झाले असले, तरी मुदतबंदीमुळे नियम लोकांना सहन होण्याजोगा राहिला, असे म्हणता येते.

१८३२ चा दंगा : १८३२ मध्ये दंडाधिकाऱ्यांनी उन्हाळ्याची मुदत १५ जूनपर्यंत वाढविली. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होते. हमालाच्या मजुरीच्या मानाने ही रक्कम लहान नव्हती, त्यामुळे पकडणाऱ्यांच्या दृष्टीने मोकाट व पाळीव हा भेद उरला नाही. अंगणात बसलेली आणि प्रसंगी घरात शिरलेली कुत्रीही त्यांनी ओढून नेली, अशा तक्रारी होऊ लागल्या. ६ जून रोजी, पारश्यांच्या एका पवित्र दिवशी, कोटात कुत्री मारण्याचे काम चालू असता सु. दोनशे पारश्यांच्या जमावाने दोघा यूरोपीय शिपायांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद राहिली. पारश्यांबरोबर हिंदू, जैन व इस्माइली व्यापारीही या हरताळात सामील झाले. कुलाबा त्या वेळी भरतीच्या वेळी मुंबईपासून तुटणारे बेट होते व तेथील छावणीला रोजची रसद शहरातूनच जात असे. ती अडविण्यात आली, तेव्हा प्रकरण कुत्र्यांपुरते राहिले नाही. लष्कर बोलावून जमाव पांगविण्यात आला. अनेकांना अटक झाली व काहींना शिक्षा झाल्या.

या दंग्याचे वर्णन पुष्कळदा धर्मभावना दुखावल्याने झालेला उद्रेक, एवढेच केले जाते. ते अपुरे आहे. कुत्री मारण्याचा नियम १९ वर्षे जुना होता व तेवढ्या काळात कोणी हरताळ केला नव्हता. मुदत वाढविणे, पवित्र दिवसाची दखल न घेणे आणि बक्षिसाच्या लोभाने पकडणाऱ्यांनी घरांचे उंबरे ओलांडणे या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, तेव्हा लोक रस्त्यावर आले. शहराच्या अर्थव्यवहारात बरोबरीचा वाटा असलेल्या पारशी शेठियांना आपल्या दाराशी सरकारी शिपायाची सत्ता कोठवर चालते, हा प्रश्नही होता. दंग्यानंतर तोच वर्ग मध्यस्थ म्हणून पुढे आला. जमशेटजी जिजीभाई यांच्या पुढाकाराने कुत्री न मारता ती शहराबाहेर हलवावी, अशी तडजोड झाली. १८३४ मध्ये जमशेटजी आणि जैन व्यापारी मोतीशा शेठ यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ स्थापन झाली. आज तिची ओळख मुख्यतः गुरांसाठी असली, तरी तिच्या उगमाशी कुत्र्यांचा हा प्रश्न आहे. भुलेश्वरजवळच्या पांजरापोळ गल्लीत वावरणाऱ्या फारच थोड्यांना याची कल्पना असते.

कर, परवाना व बिल्ला : मालकावर कर बसवून कुत्र्यांची संख्या आटोक्यात ठेवण्याची कल्पना यूरोपातून आली. इंग्लंडमध्ये १७९६ मध्ये कुत्र्यांवर कर बसला. १८६७ मध्ये त्याऐवजी पाच शिलिंगांचा वार्षिक परवाना आला व १८७८ मध्ये शुल्क साडेसात शिलिंग करण्यात आले. पुढे चलन दशमान झाल्यावर ते ३७ पेन्स एवढेच उरले आणि वसुलीचा खर्च उत्पन्नाहून अधिक होऊ लागल्यामुळे ग्रेट ब्रिटनमधील ही पद्धत १९८० नंतरच्या दशकात बंद करण्यात आली. तेथे अलर्क रोगाचे उच्चाटन परवान्यामुळे झाले नाही. मुसके बांधण्याची सक्ती व बाहेरून येणाऱ्या कुत्र्यांना विलग ठेवणे यांमुळे ते १९०२ च्या सुमारास साधले.

मुंबई इलाख्यात हीच पद्धत नगरपालिकांच्या कायद्यांतून आली. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ मध्ये कुत्र्यांवरील कराची आणि बेवारशी कुत्री पकडण्याची तरतूद आढळते. मुंबई जिल्हा नगरपालिका अधिनियम, १९०१, प्रांतिक महानगरपालिकांचा १९४९ चा अधिनियम आणि महाराष्ट्र नगरपालिका अधिनियम, १९६५ यांतही कुत्र्यांवरील कर हा नगरपालिकेच्या अधिकारातील एक कर म्हणून नमूद आहे. कर भरणाऱ्यास परवाना व क्रमांक असलेला धातूचा बिल्ला मिळे. बिल्ला हा खरे तर कराच्या पावतीचा एक प्रकार. परंतु व्यवहारात तो कुत्र्याच्या जीविताचा दाखला ठरला. पट्टा तुटून बिल्ला हरवलेला कुत्रा आणि कधीच बिल्ला नसलेला कुत्रा यांत पकडणाऱ्याने भेद कसा करावा, याचे समाधानकारक उत्तर कोणत्याही नियमात सापडत नाही. मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ४४ अन्वये पोलीस आयुक्तास व जिल्हा दंडाधिकाऱ्यास जाहीर सूचना देऊन ठराविक मुदतीत मोकाट कुत्री मारण्याचा अधिकार मिळाला. मुदतीची कल्पना १८१३ पासून अशी टिकून राहिली.

इतर कायद्यांतही कुत्र्याची स्थिती चमत्कारिकच होती. मोकाट गुरांसाठी १८७१ चा गुरे अतिक्रमण कायदा होता. त्यानुसार गुरे कोंडवाड्यात जात व दंड भरून सोडविता येत. गुराला किंमत असल्यामुळे मालक येणार, हे त्यात गृहीत धरलेले होते. कुत्र्याचा त्या कायद्यात उल्लेख नाही. भारतीय दंडसंहितेच्या कलम ४२८ मध्ये दहा रुपये व अधिक किंमतीचे जनावर मारणे हा गुन्हा होता. कलम ४२९ मध्ये गाय, घोडा, उंट इत्यादींना किंमत न पाहता संरक्षण होते, इतर जनावरांसाठी मात्र पन्नास रुपयांची मर्यादा होती. गल्लीतल्या कुत्र्याची किंमत कोण ठरविणार? २०२४ मध्ये अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये ही किंमतीची अट राहिलेली नाही. दुसऱ्या बाजूस, पाळलेल्या जनावरापासून इतरांस धोका होऊ नये म्हणून काळजी न घेणाऱ्या मालकास दंडसंहितेच्या कलम २८९ अन्वये शिक्षा होती व ती तरतूद नव्या संहितेत कलम २९१ म्हणून कायम आहे. बेवारशी कुत्रा चावल्यास जबाबदार कोण, हे मात्र त्या कलमावरून ठरत नाही.

मारण्यापासून निर्बीजीकरणाकडे : प्राण्यांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा केंद्रीय कायदा रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या राज्यसभेतील प्रयत्नांतून आला. त्यातही मोकाट कुत्र्यांना प्राणघातक कक्षात किंवा विहित रीतीने मारणे हे क्रौर्य समजले जाऊ नये, असा अपवाद होता. मुंबई महानगरपालिका १९९० नंतरच्या दशकाच्या आरंभापर्यंत विजेच्या धक्क्याने प्रतिवर्षी हजारो कुत्री मारीत असे. एवढे करूनही त्यांची संख्या घटली नाही. त्याचे कारण कठीण नाही. रस्त्यावर कचरा व उष्टे तेवढेच राहते. एका गल्लीतील कुत्री नाहीशी झाली, की शेजारची येतात व उरलेल्यांची अधिक पिले जगतात. शिवाय येणारी कुत्री लस न टोचलेली असतात. अलर्क रोगाची साखळी तोडण्यासाठी कुत्र्यांपैकी सु. ७० टक्क्यांना लस टोचलेली असावी लागते. सतत बदलणाऱ्या टोळ्यांत हे प्रमाण गाठणे अशक्य होते. स्थिर, निर्बीज व लस दिलेला कुत्रा हाच नव्या अलर्की कुत्र्याला अडविणारा पहारेकरी ठरतो, हा विचार चेन्नईच्या ब्ल्यू क्रॉस संस्थेने १९६४ पासून मांडला व तेथील महानगरपालिकेने तो १९९६ मध्ये स्वीकारला. मुंबईत उच्च न्यायालयाच्या १९९८ च्या आदेशानंतर निर्बीजीकरण हेच अधिकृत धोरण झाले. देशभर लागू झालेले प्राणी जन्म नियंत्रण (कुत्री) नियम २००१ मध्ये आले. पकडलेल्या कुत्र्याची शस्त्रक्रिया करून, त्याला लस टोचून व कानाला खूण करून जेथून धरले तेथेच सोडावे, असे त्यांत सांगितले आहे. गळ्यातल्या बिल्ल्याची जागा अशा रीतीने कानावरील खाचेने घेतली.

नगरपालिका कायद्यातील मारण्याचा अधिकार मात्र कागदावर तसाच राहिला व त्यातून दीर्घ वाद उपस्थित झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पूर्ण पीठाने २००८ मध्ये दोन विरुद्ध एक अशा मताने उपद्रवी कुत्री मारण्याचा स्थानिक संस्थांचा अधिकार मान्य केला. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००९ मध्ये त्यास स्थगिती दिली. हा वाद २०२४ मध्ये निकालात निघाला, तोपर्यंत जुन्या नियमांची जागा प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ यांनी घेतलेली होती. दरम्यान २०१४ मध्ये झालेल्या गणनेत मुंबईत ९५,१७२ मोकाट कुत्री आढळली. दोन्ही बाजूंना यात आधार सापडतो : एका बाजूस संख्या अफाट नाही, दुसऱ्या बाजूस शस्त्रक्रियांचा वेग तिला वेसण घालण्यास अपुरा आहे. कुत्रा चावल्यावर महानगरपालिकेच्या दवाखान्यात लशीसाठी रांगेत उभा राहणारा बहुधा पदपथावर झोपणारा, पहाटे कामावर निघणारा किंवा कचरा वेचणारा असतो, ही गोष्ट या वादात पुरेशी लक्षात घेतली जात नाही. केवळ भूतदयेची भाषा त्याला पुरत नाही. गोव्यात २०१४ च्या सुमारास मोठ्या प्रमाणावर सुरू झालेली कुत्र्यांच्या लसीकरणाची मोहीम आणि त्यानंतर २०२१ मध्ये त्या राज्याला अलर्क-नियंत्रित क्षेत्र म्हणून मिळालेला दर्जा यांवरून मारण्याचा मार्ग न धरताही माणसांचे जीव वाचविता येतात, असे दिसते. मात्र त्यासाठी मोहीम प्रतिवर्षी व घरोघर चालवावी लागते.

२०२३ चे नियम व नंतरची स्थिती : या नियमांत ‘सामुदायिक प्राणी’ ही संज्ञा आली. वस्तीत जन्मलेला व कोणी मालकी न सांगितलेला प्राणी, असा तिचा आशय आहे. जिना, प्रवेशद्वार व मुलांची खेळण्याची जागा टाळून अशा कुत्र्यांना खाऊ घालण्याची ठिकाणे व वेळा ठरविण्याचे काम नियमांनी निवासी संघ व स्थानिक संस्था यांच्याकडे दिले. १८३२ मध्ये ज्याला कायद्यात नाव नव्हते, त्या तिसऱ्या कुत्र्याला हे पहिले नाव होय. नाव मिळाले, तरी जबाबदारीचा प्रश्न सुटला नाही. खाऊ घालणारा मालक ठरत नाही आणि संघ लस टोचीत नाही, त्यामुळे मुंबईच्या गृहनिर्माण संस्थांच्या सभांमधून हा विषय वारंवार भांडणाचा होतो.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिल्लीतील प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. ११ ऑगस्ट रोजी दोन न्यायाधीशांच्या पीठाने दिल्ली व परिसरातील सर्व मोकाट कुत्री निवाऱ्यांत हलविण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्ट रोजी तीन न्यायाधीशांच्या पीठाने तो बदलून अलर्की व आक्रमक कुत्री वगळता इतरांना निर्बीजीकरण व लसीकरणानंतर मूळ जागी सोडण्यास सांगितले आणि खाऊ घालण्यासाठी नेमलेल्या जागा आखण्याचा आदेश दिला. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा-महाविद्यालये, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके व रेल्वे स्थानके यांच्या आवारांतील कुत्री हलवावी व ती पुन्हा तेथे सोडू नयेत, असा आदेश देशभर लागू झाला. मुंबईसारख्या शहरात स्थानक, रुग्णालय आणि गल्ली यांच्या सीमा एकमेकींत मिसळलेल्या आहेत. फलाटावर झोपणारा कुत्रा फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर खातो. अशा कुत्र्याची मूळ जागा कोणती धरावी, हे ठरविण्याचे काम आदेशानंतर महानगरपालिकेच्या विभाग कार्यालयांकडे आले.