काउंटी तुरुंगांना राज्याचे अर्थसाहाय्य

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत काउंटीच्या (साधारणतः जिल्ह्यासारख्या स्थानिक घटकाच्या) तुरुंगांसाठी राज्याच्या तिजोरीतून दिली जाणारी रक्कम. हे तुरुंग बहुधा निवडून आलेल्या शेरीफच्या ताब्यात असतात. त्यांत मुख्यतः कच्चे कैदी आणि एक वर्षापर्यंत शिक्षा झालेले कैदी ठेवतात. त्याहून मोठ्या शिक्षेसाठी राज्याची कारागृहे असतात. खर्चाचा मोठा भाग मालमत्ता करासारख्या स्थानिक उत्पन्नातून भागतो. अलास्का, कनेक्टिकट, डेलावेअर, हवाई, ऱ्होड आयलंड व व्हरमाँट या सहा राज्यांत तुरुंग व कारागृहे या दोन्हींची एकत्रित राज्य-यंत्रणा असल्याने असे साहाय्य बहुतांशी लागत नाही.

साहाय्याचे मुख्य प्रकार तीन : राज्याचा कैदी ठेवून घेतल्याबद्दल दर दिवसाचा ठरावीक दर, बांधकाम अनुदान आणि करातील वाटा.

दैनिक दराची पद्धत लुइझियाना व केंटकी येथे रुजली. लुइझियानात काउंटीला पॅरिश म्हणतात. तेथे राज्याचे सुमारे निम्मे कैदी स्थानिक तुरुंगांत असत आणि प्रत्येकामागे शेरीफला दिवसाला सुमारे २५ डॉलर मिळत. परिणामी रिकामी खाट म्हणजे तोटा ठरू लागली, अशी टीका झाली.

कॅलिफोर्नियाने करवाट्याचा मार्ग धरला. कारागृहांतील गर्दी क्षमतेच्या १३७.५ टक्क्यांवर आणण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मे २०११ मध्ये ‘ब्राउन विरुद्ध प्लाटा’ खटल्यात कायम केला. त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून हिंसक, गंभीर वा लैंगिक नसलेल्या गुन्ह्यांतील बहुतेक कैद्यांची जबाबदारी काउंट्यांकडे गेली. सोबत विक्रीकर व वाहन परवाना शुल्कातील हिस्सा मिळाला. २०१२ च्या सार्वमताने त्याला घटनात्मक हमी दिली. हा पैसा उपचार व देखरेखीवरही खर्चता येतो. मात्र पहिल्या वर्षीच्या वाटपसूत्रात ६० टक्के भार काउंटीतून पूर्वी राज्य कारागृहात गेलेल्या अशा कैद्यांच्या संख्येला होता. त्यामुळे तुरुंगवासाला पर्याय शोधणाऱ्या काउंट्यांच्या वाट्याला कमी आले, असा आक्षेप घेतला गेला.

बांधकामासाठी कॅलिफोर्नियाने २००७ च्या कायद्याने रोख्यांतून १.२ अब्ज डॉलर, तर २०१२ व २०१४ मध्ये प्रत्येकी ५० कोटी डॉलर मंजूर केले. अशा अनुदानातून इमारत उभी राहते. पहारेकऱ्यांचे पगार आणि कैद्यांचे दवापाणी पुढे काउंटीलाच पाहावे लागते.