शेगडी, झाप आणि स्लॅब : मालवण किनाऱ्यावरील म्हातारपणाची ऊब

घर उबदार राखण्याचा इतिहास म्हटला की काश्मीरची कांगडी आठवते, नाहीतर युरोपातली धुराडी. मालवण किनाऱ्याचे नाव त्यात कुणी घेत नाही. इथे बर्फ नाही. पौषातल्या पहाटेही कानाला फडके बांधले की भागते. तरीही जुन्या मालवणी घराची बरीचशी योजना उबेसाठीच आहे. इथली खरी थंडी मृगापासून हस्तापर्यंतची. चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, खारा वारा, न वाळणारी गोधडी आणि त्या गोधडीखाली सांधे धरलेले म्हातारे माणूस.

आधी भिंत पाहू. जांभ्याला ‘लॅटेराइट’ हे नाव फ्रान्सिस बुकॅनन याने १८०७ साली छापलेल्या आपल्या प्रवासवृत्तांतात दिले. लॅटिनमध्ये ‘लेटर’ म्हणजे वीट. खाणीत मऊ असलेला हा दगड हवा लागल्यावर कठीण होतो, हे त्याने मलबारात पाहिले. आपल्या चिरेखाणीवरच्या कामगाराला ते सांगावे लागत नाही. चिऱ्याची जाड भिंत दिवसाची ऊब धरून रात्री हळूहळू सोडते. पण ज्या भोकांमुळे दगड हलका होतो, त्याच भोकांतून पाणीही वर चढते. म्हणून जोते उंच, पागोळ्या खाली उतरलेल्या आणि भिंतीला चुन्याचा गिलावा. अर्थात ही चिरेबंदी खाऊनपिऊन सुखी घरांची. बाकीच्यांच्या वाट्याला शेणामातीने लिंपलेला कूड आणि गवताचे छप्पर असे.

गवताला मात्र आपण उगाच कमी लेखले. त्यात अडकलेली हवा उष्णता अडवते. उबेच्या हिशेबात एकेरी कौल त्याच्या जवळपासही येत नाही. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगलोरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ती कौले या किनाऱ्यावर पसरली. आग लागण्याची भीती कमी झाली, दरवर्षी शाकारणी करण्याचा व्याप गेला. पण फटींतून वारा येऊ लागला. त्यावरचा तोड म्हणजे माळा. माजघरावर वासे, त्यावर चिवे किंवा फळ्या आणि जमल्यास मातीचा थर. छप्पर आणि माणूस यांच्यामध्ये हवेची एक खोलीच उभी राही.

आगोटीला पडवी बंद होई. माडाची चुडते उभी चिरायची, पाण्यात भिजत घालायची, विणायची. ही झापे वाऱ्याच्या बाजूला बांधली की झड आत येत नसे. पाऊस सरला की ती सोडायची आणि जुनी झालेली चुलीत घालायची. खर्च जवळपास शून्य, पण हात मात्र हवेत. आत चूल, तिच्या वैलावर कायम कोमट पाणी. न्हाणीच्या चुलीत सोडणे नि करवंट्या. म्हाताऱ्यांचे अंथरूण चुलीच्या भिंतीकडे सरकवले जाई. बाळंतिणीची शेगडी गरज पडली तर त्यांच्याही खाटेखाली जाई.

याचे गोडवे गाण्याआधी धुराची आठवण ठेवावी. त्या चुलीने बायकांचे डोळे आणि छात्या जाळल्या. आणि दारे-खिडक्या लावून कोळशाची शेगडी ठेवणे तर सरळ जिवावरचे. तिचा विषारी वायू वासाने कळत नाही. गॅस आला हे चांगलेच झाले. फक्त चुलीबरोबर भिंतीची ऊबही गेली आणि तिची जागा कशानेच भरली नाही.

मग मुंबईच्या मनीऑर्डरींतून स्लॅब आला. वैशाखात तापणारा, श्रावणात पाझरणारा. खाली सारवलेल्या जमिनीऐवजी चकचकीत फरशी, जिच्यावर म्हातारे पाय गारठतात आणि घसरतातही. जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ८,६८,८२५ होती, ती २०११ मध्ये ८,४९,६५१ झाली. झापे बांधणारे हात कुठे गेले, ते या आकड्यांतून कळते. मागे राहिले ते आई-वडील, वर्षातून दोनदा उघडणाऱ्या खोल्यांची राखण करत.

हा प्रश्न निव्वळ गैरसोयीचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये थंड आणि समशीतोष्ण प्रदेशांतील घरांसाठी किमान १८ अंशांची शिफारस केली. त्याच वर्षी भारतातील मृत्यूंच्या एका देशव्यापी अभ्यासात कडाक्याच्या थंडीपेक्षा मध्यम गारठ्याकडेच जास्त मृत्यू लागू झाले. आपण ज्याला ‘थंडी कसली’ म्हणतो, तोच हा गारठा.

उपाय नवे शोधायला नकोत. लॉरी बेकर यांनी केरळात स्लॅबच्या पोटातच टाकाऊ मंगलोरी कौले घातली. सिमेंट वाचले, उष्णताही अडली. बांधून झालेल्या घरात तसे करता येत नाही, पण एकाच खोलीपुरता फळ्यांचा माळा घालता येतो, पावसाळी बाजूच्या पडवीला झापे किंवा ताडपत्री बांधता येते, खाटेखाली चटई अंथरता येते. अख्खे घर नको, म्हाताऱ्यांची एक खोली कोरडी राहिली तरी पुष्कळ.

गावागावांतून स्लॅबवर लोखंडी खांब रोवून पत्र्याची उतरती शेड चढवली जाते आहे. गळती थांबावी एवढाच तिचा हेतू. पण पत्रा आणि स्लॅब यांच्यात जी मोकळी हवा राहते, ती म्हणजे जुना माळाच. आजी तिथे सोले वाळत घालते, पावसात दोऱ्या बांधून गोधड्याही.