नागरिकशास्त्राच्या धड्यात राहून गेलेलं नाव

संयुक्त राष्ट्रांचा धडा आठवतो? स्थापना २४ ऑक्टोबर १९४५, मुख्यालय न्यूयॉर्क. रिकाम्या जागा भरल्या, गुण मिळवले आणि विसरलो. त्या आमसभेत बोलणारी, भांडणारी माणसं असतात, हे तेव्हा मनातही आलं नाही. पुढे इतिहासाच्या वाचनात अशा एका माणसाची गाठ पडली. त्यांची ही ओळख.

अब्दुल रहमान पझवाक यांचा जन्म १९१९ चा, अफगाणिस्तानातल्या गझनीचा. पिंड कवीचा, सुरुवात पत्रकारितेतून. १९५८ पासून ते संयुक्त राष्ट्रांत आपल्या देशाचे कायम प्रतिनिधी होते. अफगाणिस्तानपाशी ना मोठं सैन्य होतं, ना पैसा. त्यामुळे पझवाकांची सारी भिस्त शब्दांवर. प्रत्येक जनसमूहाला आपलं भवितव्य स्वतः ठरवता आलं पाहिजे, हा स्वयंनिर्णयाचा हक्क मानवी हक्कांत धरावा, असा आग्रह अफगाणिस्तानने १९५० पासूनच धरला होता. वसाहती बाळगणाऱ्या देशांचा त्याला विरोध होता. पझवाक या हक्काची बाजू सातत्याने मांडत राहिले.

१९६६ मध्ये ते आमसभेच्या एकविसाव्या अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. पुढे महाराष्ट्राच्या राज्यपाल झालेल्या विजयालक्ष्मी पंडित १९५३ मध्ये याच खुर्चीवर बसल्या होत्या. पझवाकांच्या काळात, २७ ऑक्टोबर १९६६ रोजी, आजच्या नामिबियावरचा दक्षिण आफ्रिकेचा कारभाराचा अधिकार आमसभेने संपुष्टात आणला. १६ डिसेंबरला मानवी हक्कांचे दोन आंतरराष्ट्रीय करार संमत झाले. दोन्ही करारांचं पहिलंच कलम स्वयंनिर्णयाचं आहे. जून १९६७ मध्ये अरब-इस्रायल युद्धावर तातडीचं अधिवेशन भरलं, तेव्हाही अध्यक्ष तेच होते.

नंतर त्यांनी बॉन, दिल्ली आणि लंडन इथे राजदूत म्हणून काम केलं. एप्रिल १९७८ मध्ये काबूलमध्ये कम्युनिस्टांनी सत्ता बळकावली. पझवाकांनी पद सोडलं आणि ते मायदेशी परतले. तिथे त्यांच्या वाट्याला आली नजरकैद. १९७९ च्या डिसेंबरात सोव्हिएत फौजा देशात शिरल्या. ज्यांच्या अध्यक्षतेखाली स्वयंनिर्णयाचं कलम संमत झालं, त्यांच्याच देशात परकं सैन्य! त्या दोन करारांपैकी नागरी आणि राजकीय हक्कांच्या करारातलं बारावं कलम सांगतं की, कोणालाही कोणताही देश, अगदी स्वतःचाही, सोडून जाता येईल. पझवाकांना मात्र १९८२ मध्ये उपचारांसाठी म्हणून बाहेर पडता आलं. मग परदेशात आश्रय. आणि जानेवारी १९८३ मध्ये, सोव्हिएत सैन्य देशात असतानाच, काबूलच्या सरकारने त्याच करारांत सामील होत असल्याचं कळवलं.

१९९५ मध्ये पेशावरला, मायभूमीच्या सीमेपलीकडे, त्यांचं निधन झालं.

मग ते करार म्हणजे नुसते कागदच का? मला तसं वाटत नाही. करारांनी पझवाकांना वाचवलं नाही, हे खरंच. पण त्यांच्यावर आणि त्यांच्या देशावर जे ओढवलं त्याला अन्याय म्हणायला जगाकडे लेखी आधार होता, आणि तो मिळवून देण्यात त्यांचाही हात होता. त्यांना कोंडणाऱ्यांच्या सरकारलाही शेवटी त्याच कागदाला मान्यता द्यावीशी वाटली.

धड्यात त्यांचं नाव नव्हतं. आपल्या या स्मरणिकेत तरी ते असू दे.