दोन शिट्ट्यांच्या मधला काळ

बदलीने चेन्नईस आलेला मराठी मनुष्य प्रथम चेपॉकची वाट विचारतो. फुटबॉलची वाट त्याला पुष्कळ उशिरा सापडते. ती सेंट्रल स्टेशनाजवळून पेरियमेटकडे वळते. तेथील जवाहरलाल नेहरू स्टेडियम १९९३ साली नव्याने उभे राहिले. त्यापूर्वी त्याच जागी कॉर्पोरेशन स्टेडियम होते, आणि १९५६ च्या जानेवारीत विनू मांकड व पंकज रॉय यांनी न्यूझीलंडविरुद्ध पहिल्या जोडीसाठी ४१३ धावा केल्या त्या तेथेच. तेव्हा क्रिकेटभक्तालाही हे मैदान अगदीच परके नाही. पुढे चेन्नईयिन संघाने ते आपले घर केले. या संघाशी आमचा एक जुना ऋणानुबंधही आहे: २०१५ च्या डिसेंबरात महापुराने चेन्नई बुडाली, तेव्हा त्याच्या उपांत्य सामन्याची पहिली फेरी पुण्यास बालेवाडीला खेळवावी लागली होती.

फुटबॉलच्या मैदानावर एक दृश्य वारंवार दिसते. कॉर्नर घ्यावयाचा असतो, चेंडू कोपऱ्यात ठेवलेला असतो, आणि तो मारला जाण्यापूर्वीच गोलासमोर एक बचावपटू प्रतिस्पर्ध्याला कवटाळून खाली पाडतो. प्रेक्षक पेनल्टीसाठी ओरडतात. पंच पिवळे कार्ड दाखवितो आणि पुन्हा कॉर्नरच घ्यावयास लावतो. मग आम्ही मंडळी पंचाला भित्रा ठरवून मोकळे होतो. वस्तुतः तो नियमाला धरूनच वागलेला असतो. चेंडू खेळात असताना धक्काबुक्की झाली तर फ्री किक किंवा पेनल्टी. खेळ थांबलेला असताना झाली तर शिक्षा त्या व्यक्तीपुरती, आणि खेळ मात्र आधी ठरला होता तसाच सुरू. कचेरीच्या भाषेत सांगावयाचे तर पूर्वीचा हुकूम कायम; नंतरच्या गैरवर्तनाची फाईल वेगळी. ही फाईल उघडण्याचा अधिकार पंचाला मध्यंतरातही असतो, आणि शेवटची शिट्टी झाल्यावर मैदान सोडीपर्यंतही असतो.

हा अधिकार काही पहिल्यापासून नव्हता. १८६३ साली लंडनला नियम लिहिले गेले तेव्हा त्यांत पंचाचे नावही नव्हते. सभ्य गृहस्थ मुद्दाम आगळीक करणार नाहीत असे गृहीत होते. पुढे दोन्ही पक्षांचे एकेक अंपायर आले, आणि त्यांचे एकमत न झाल्यास बाहेर उभ्या असलेल्या पंचाकडे दाद मागावयाची अशी रीत पडली. १८९१ साली पंच मैदानात उतरला व अंपायर रेषेवर गेले. आयर्लंडकडून आलेली पेनल्टीची सूचनाही त्याच वर्षी मान्य झाली. सभ्यपणाच्या गृहीतकाचे दिवस तेथे संपले असे आम्ही समजतो.

थांबलेल्या खेळाची खरी कसोटी मात्र २३ जुलै १९६६ रोजी वेम्बली येथे लागली. जर्मन पंच क्राइटलाइन यांनी अर्जेंटिनाचा कप्तान रात्तिन याला बाहेर काढले. रात्तिनला जर्मन येईना. तो दुभाषा मागू लागला आणि मैदान सोडीना. कित्येक मिनिटे खेळ उभा. त्याच सामन्यात इंग्लंडच्या चार्लटन बंधूंना ताकीद मिळाली होती, हे लोकांना दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांतून कळले! स्पर्धेतील पंचांचे प्रमुख केन अ‍ॅस्टन हे पेशाने शिक्षक, महायुद्धात हिंदी सैन्यात अधिकारपद भूषविलेले. घरी परतताना रस्त्यावरील दिव्यांचे रंग पाहून त्यांना कार्डांची कल्पना सुचली, आणि १९७० च्या मेक्सिकोतील विश्वचषकात ती अमलात आली. भाषा न जाणणाऱ्यालाही समजेल असा हुकूम! परप्रांतात नोकरी करणाऱ्या आम्हांला त्याची थोरवी वेगळी सांगावयास नको.

आपल्या देशात या मधल्या काळाने महागडे तंटे उभे केले आहेत. ९ डिसेंबर २०१२ रोजी कलकत्त्यास मोहन बागान व ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात ओडाफा याला लाल कार्ड मिळाले, प्रेक्षकांतून आलेल्या दगडाने रहीम नबी जखमी झाला, आणि मध्यंतरानंतर मोहन बागान मैदानात उतरलाच नाही. आधी दोन वर्षांची बंदी झाली. मग ती उठवून दोन कोटींचा दंड बसला. जखमी सोबत्याला पाहून संघ बिथरला हे समजण्याजोगे आहे. परंतु मध्यंतर हा सामन्याचाच भाग आहे.

३ मार्च २०२३ चा बेंगळुरूचा प्रसंग याहून नाजूक. जादा वेळ चालू होता, गोलफलक कोरा. केरळ ब्लास्टर्सचे खेळाडू भिंत लावीत असतानाच सुनील छेत्रीने फ्री किक मारून गोल केला, व पंच क्रिस्टल जॉन यांनी तो दिला. नियम असा की साध्या फ्री किकला शिट्टीची वाट पाहावी लागत नाही; पंचाने अंतर मोजून द्यावयास घेतले, कार्ड काढले किंवा बदली खेळाडू आणला, तरच शिट्टी आवश्यक. २०१९ पासून तर, पंचाने कार्डाची कार्यवाही सुरू केली नसेल तर, फ्री किक झटपट घेऊ द्यावी आणि कार्ड पुढच्या थांब्याला दाखवावे, अशीही मुभा आहे. हेतू उघड आहे: ज्याने आगळीक केली त्याला सावरण्यास सवड मिळू नये. त्या दिवशी पंचाने खेळाडूंना थांबण्याची खूण केली होती काय, यावरच सारा वाद. केरळचे प्रशिक्षक व्हुकोमानोविच यांनी संघ बाहेर नेला. त्यांचा संताप आम्हांला कळतो. निर्णय आम्ही गैरच मानतो, कारण तक्रारीला पुढे समिती होती, सोडलेल्या सामन्याला ती राहिली नाही. क्लबला चार कोटींचा दंड आणि प्रशिक्षकास दहा सामन्यांची बंदी झाली. बेंगळुरूने पुढे मुंबई सिटीला पेनल्टींवर हरविले, आणि १८ मार्चला फातोर्ड्याच्या अंतिम सामन्यात एटीके मोहन बागानकडून स्वतः पेनल्टींवरच हार खाल्ली.